तरंगत्या विद्यापीठातील पहिला आठवडा

परदेशी शिक्षण म्हटले की एखादा ठरावीक देश, तेथील विद्यापीठ आणि तेथील वसतिगृह असे चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. परंतु गेल्या शंभर वर्षांत अमेरिकेत याहून वेगळा एक प्रकार रुजला आहे. त्यात वर्ग, ग्रंथालय, भोजनगृह आणि प्राध्यापकांच्या निवासासह संपूर्ण महाविद्यालयच जहाजावर असते, आणि ते जहाज सत्र चालू असताना एका देशाच्या बंदरातून दुसऱ्या देशाच्या बंदराकडे जात राहते. या प्रकारातील आजचा सर्वाधिक परिचित उपक्रम म्हणजे ‘सेमिस्टर ॲट सी’. त्याचे एक सत्र साधारण शंभर ते एकशे पाच दिवसांचे असते. त्याचे श्रेयांक, म्हणजे पदवीसाठी जमेस धरली जाणारी अभ्यासाची एकके, २०१६ पासून कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडून मिळतात. आणि त्यासाठी वापरले जाणारे ‘वर्ल्ड ओडिसी’ हे सुमारे १७५ मीटर लांबीचे जहाज १९९८ मध्ये ‘डॉइचलँड’ या नावाने पर्यटकांसाठी बांधले गेले होते. अशा प्रवासांची वर्णने बहुधा बंदरांभोवती फिरतात. प्रस्तुत प्रकरणाचा विषय मात्र पहिल्या बंदराच्या आधीचे दिवस हा आहे, कारण विद्यार्थ्याचे शरीर, झोप आणि सवयी जहाजाच्या ताब्यात जातात त्या याच काळात, आणि पुढचे सत्र अभ्यासाचे होणार की सहलीचे हेही बरेचसे याच काळात ठरते.

या कल्पनेची सुरुवात वादातून झाली. न्यूयॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक जेम्स लॉफ यांचे मत असे होते की, जगाविषयीचे ज्ञान केवळ पुस्तकांतून न घेता प्रत्यक्ष अनुभवातून घेतले पाहिजे आणि अशा अनुभवालाही पदवीच्या अभ्यासात स्थान मिळाले पाहिजे. त्यांच्या खटपटीतून ‘रिंडॅम’ हे डच जहाज १८ सप्टेंबर १९२६ रोजी न्यूयॉर्कसमोरील होबोकन बंदरातून सुमारे पाचशे प्रवाशांसह पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. पण त्याआधीच न्यूयॉर्क विद्यापीठाने या उपक्रमाला दिलेला आश्रय काढून घेतला होता. वाटेतील बंदरांत विद्यार्थ्यांनी केलेल्या मद्यपानाच्या आणि दंग्याच्या बातम्या अमेरिकी वृत्तपत्रांनी चवीने छापल्या, आणि मे १९२७ मध्ये जहाज परतले तेव्हा या ‘तरंगत्या विद्यापीठा’चे नाव विद्येपेक्षा खोड्यांसाठीच अधिक गाजले होते. त्या बातम्यांत अतिशयोक्ती नसेल असे नाही. तथापि खरा प्रश्न विद्यार्थ्यांच्या वर्तनाचा नव्हता. प्रवासातून मिळालेल्या ज्ञानावर शिक्कामोर्तब कोणी करायचे, विद्यापीठाने की अनुभव घेणाऱ्याने, हा तो प्रश्न होता, आणि तो आजही पुरता सुटलेला नाही.

१९६३ मध्ये ‘युनिव्हर्सिटी ऑफ द सेव्हन सीज’ या नावाने हाच प्रयोग पुन्हा सुरू झाला. त्यासाठी निवडलेले ‘सेव्हन सीज’ हे जहाज मुळात मालवाहू होते. दुसऱ्या महायुद्धात त्याचे रूपांतर ‘लाँग आयलंड’ या अमेरिकी नौदलाच्या पहिल्या एस्कॉर्ट विमानवाहू नौकेत झाले, म्हणजे व्यापारी तांड्यांना संरक्षण देण्यासारख्या कामांसाठी बांधलेल्या छोट्या विमानवाहू नौकांपैकी ते पहिले ठरले. युद्धानंतर ते प्रवासी जहाज बनले, आणि विद्यार्थ्यांना जग दाखवून झाल्यावर रॉटरडॅमच्या धक्क्याला बांधून विद्यार्थी वसतिगृह म्हणून कित्येक वर्षे वापरले गेले. पुढे कॅलिफोर्नियातील चॅपमन कॉलेजने हा उपक्रम चालवला. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी तर ‘क्वीन एलिझाबेथ’ हे एके काळचे जगातील सर्वांत मोठे प्रवासी जहाज विद्यापीठासाठी विकत घेतले. परंतु दुरुस्तीचे काम संपत आले असताना जानेवारी १९७२ मध्ये ते हाँगकाँग बंदरातच आगीत भस्मसात झाले आणि तुंग यांना दुसऱ्या, बऱ्याच लहान जहाजावर समाधान मानावे लागले.

आजच्या विद्यार्थ्याला जहाजावर चढल्यावर मिळणारा पहिला धडा कोणत्याही विषयाचा नसतो. सात लहान आणि एक लांब असे भोंगे वाजतात, प्रत्येकाने लाइफजॅकेट घेऊन आपल्या नेमलेल्या ठिकाणी, म्हणजे आपत्तीच्या वेळी ज्या लाइफबोटीत बसायचे तिच्याजवळ, जाऊन उभे राहायचे असते आणि तेथे हजेरी घेतली जाते. ‘टायटॅनिक’ १९१२ मध्ये बुडाल्यानंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या परंपरेतील ही कवायत आहे. पूर्वी ती प्रवासी चढल्यापासून चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज इटलीच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत अद्याप व्हायची होती. नियमाचा भंग झालेला नव्हता, नियमच अपुरा होता. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले. विद्यार्थी या वेळी बहुधा छायाचित्रे काढण्यात गुंतलेले असतात, हा भाग वेगळा.

किनारा दिसेनासा झाल्यावर काही तासांतच जे घडते ते मात्र कोणालाच हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे कोकणच्या प्रवाशांना परिचित असलेले ‘बोट लागणे’ हे पोटाचे दुखणे वाटत असले, तरी त्याचे मूळ कानात आहे. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोके कोणत्याही दिशेने वळले की त्यांतील द्रव मागे रेंगाळतो आणि त्यामुळे वाकणाऱ्या सूक्ष्म केसांवरून मेंदूला वळण्याची बातमी कळते. त्यांच्याच शेजारी दोन लहान पिशव्या असतात, ज्यांतील कॅल्शियम कार्बोनेटच्या बारीक स्फटिकांमुळे सरळ रेषेतील हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा समजते. जहाज सहा प्रकारे हलते. ते डाव्या-उजव्या बाजूंना कलते, त्याची नाळ, म्हणजे पुढचे टोक, आणि मागचे टोक आळीपाळीने वरखाली होते, ते आपल्या रोखापासून किंचित इकडेतिकडे वळते. शिवाय ते संपूर्णच पुढे-मागे सरकते, बाजूला ढकलले जाते आणि लाटेबरोबर उचलले जाऊन पुन्हा खाली बसते. केबिनमध्ये बसलेल्या विद्यार्थ्याच्या कानाला हे सारे कळत असते. त्याच्या डोळ्यांना मात्र भिंत, पलंग आणि टेबल जागच्या जागी स्थिर दिसत असतात, कारण तेही त्याच्याबरोबरच हलत असतात.

या दोन परस्परविरोधी साक्षींमुळे मेंदूचा गोंधळ उडतो आणि त्यातून मळमळ निर्माण होते, हा सिद्धान्त १९७० च्या दशकात ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी व्यवस्थित मांडला. कानाचा संबंध त्याआधीच लक्षात आला होता. लॉफ यांनी ज्या हार्वर्डमध्ये शिक्षण घेतले, तेथेच शिकवणाऱ्या विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींची पाहणी केली होती आणि त्यांच्यापैकी अनेकांना गरगर फिरवल्यावरही चक्कर येत नाही, तसेच बोटही लागत नाही, असे त्यांना आढळले होते. अंतर्कर्णाचे कार्यच बंद असेल तर विरोधी साक्ष देणारा साक्षीदारच उरत नाही. मात्र गोंधळ झाला तर उलटीच का व्हावी, याचे उत्तर रीझन यांच्या सिद्धान्तात नाही. १९७७ मध्ये मिशेल ट्रिझमन यांनी सुचवले की, निसर्गात डोळे आणि कान यांची अशी फारकत बहुधा विषारी पदार्थ पोटात गेल्यावरच होत असावी आणि म्हणून शरीर पोट रिकामे करण्याचा उपाय योजते. ही कल्पना चतुर आहे, पण ती सिद्ध करणे अवघड आहे.

सर्व हालचाली सारख्याच त्रासदायक नसतात. प्रयोगांत असे दिसले आहे की, साधारण पाच सेकंदांत एकदा या गतीने होणारी वरखाली हालचाल सर्वाधिक मळमळ आणते, आणि मोठ्या जहाजाचे लाटांवरील उचलणे-बसणे नेमके याच्या आसपास पडते. आधुनिक जहाजांच्या तळाजवळ दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्थिरक असतात. ते बाजूंना कलणे बरेच कमी करतात, पण जहाजाचे वरखाली होणे त्यांना रोखता येत नाही. त्यामुळे जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असलेल्या केबिनमध्ये त्रास सर्वांत कमी होतो. खालच्या केबिन सहसा स्वस्त असतात, तेव्हा जास्त पैसे भरून वरच्या मजल्यावरची गॅलरी घेतलेल्या विद्यार्थ्याने पहिले दोन दिवस खाली उतरून मित्राच्या केबिनमध्ये पडून राहावे, असा उलटा न्याय येथे पाहायला मिळतो.

उपाय साधेच आहेत. उघड्या डेकवर उभे राहून क्षितिजाकडे पाहिले की डोळ्यांनाही हालचाल दिसू लागते आणि दोन्ही साक्षी जुळतात. पोट अगदी रिकामे न ठेवता कोरडे आणि हलके अन्न थोडे थोडे खावे लागते. कानामागे चिकटवण्याची स्कोपोलामीन या औषधाची पट्टी तीन दिवसांपर्यंत काम करते, परंतु तिने तोंड कोरडे पडते, झापड येते आणि जवळचे अंधूक दिसू शकते. वाचन हा तर त्रास वाढवण्याचा खात्रीचा मार्ग होय. म्हणजेच विद्यार्थ्याने पहिल्या दिवसांत जे करावे असे प्राध्यापकांना वाटते, नेमके तेच न करण्याचा सल्ला जहाजावरचे डॉक्टर देत असतात. बहुतेकांच्या मेंदूला दोन-तीन दिवसांत नवी हालचाल अंगवळणी पडते, आणि ती इतकी पडते की पहिल्या बंदरात उतरल्यावर जमीनच हलते आहे असे काही काळ वाटत राहते. सर्वांच्या नशिबी ही सुटका नसते. केंब्रिजमधून नुकताच बाहेर पडलेला बावीस वर्षांचा चार्ल्स डार्विन २७ डिसेंबर १८३१ रोजी ‘बीगल’वरून निघाला आणि पहिल्या काही दिवसांतच मनुके व बिस्किटे यांवर येऊन ठेपला, जवळजवळ पाच वर्षांच्या त्या प्रवासात समुद्र खवळला की त्याला बोट लागतच राहिली. त्याने प्रवासातील बराचसा काळ किनाऱ्यावर हिंडण्यात घालवला, यामागे विज्ञानप्रेमाबरोबर हेही एक कारण मानले तर त्याच्यावर फारसा अन्याय होणार नाही.

समुद्र पहिल्या आठवड्यात याहून गंभीर रूपही दाखवू शकतो. जानेवारी २००५ मध्ये सुमारे सातशे विद्यार्थ्यांना घेऊन ‘एक्स्प्लोरर’ हे ‘सेमिस्टर ॲट सी’चे जहाज कॅनडातील व्हँकुव्हरहून आशियाकडे निघाले असता, उत्तर पॅसिफिकमध्ये सुमारे पन्नास फूट उंचीच्या लाटेने त्याच्या नियंत्रणकक्षाची काच फोडली, आत शिरलेल्या पाण्याने विद्युत उपकरणे निकामी केली, इंजिने काही काळ बंद पडली आणि जहाज लाटांच्या हवाली झाले. कोणी दगावले नाही. इंजिने पुन्हा सुरू करण्यात आली आणि जहाज दुरुस्तीसाठी होनोलुलूला नेण्यात आले. हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकची वाट धरावी काय, हा प्रश्न त्यानंतर पालकांनी विचारला असल्यास तो रास्तच म्हटला पाहिजे.

शरीर लाटांना सरावू लागते तोच घड्याळाचा प्रश्न पुढे येतो. पृथ्वी दर तासाला १५ अंश फिरते, म्हणून १५ रेखांश ओलांडले की स्थानिक वेळ एका तासाने बदलते. विषुववृत्ताजवळ १५ अंश म्हणजे ९०० सागरी मैल, आणि एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ताशी १६ सागरी मैल वेगाने दिवसाकाठी ३८४ मैल कापणाऱ्या जहाजाला हे अंतर ओलांडण्यास सव्वादोन दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. ध्रुवांकडे जावे तसतसे रेखांश एकमेकांजवळ येत असल्याने चाळिसाव्या अक्षांशावर हेच काम दोन दिवसांच्या आत होते. पश्चिमेकडे जाणारे जहाज रात्री घड्याळ एक तास मागे घेते आणि विद्यार्थ्याला पंचवीस तासांचा दिवस मिळतो. पूर्वेकडे जाणाऱ्याला तेवीस तासांत भागवावे लागते. माणसाच्या शरीरातील झोप-जागृतीचे चक्र सरासरीने चोवीस तासांपेक्षा किंचित लांब असल्यामुळे पश्चिमेचा प्रवास सुसह्य वाटतो, तर पूर्वेच्या प्रवासात सकाळच्या वर्गातील पेंगणारी डोकी दर आठवड्याला वाढत जातात. पॅसिफिकमध्ये तर आंतरराष्ट्रीय वाररेषा पश्चिमेकडे ओलांडली की एक संपूर्ण वार दिनदर्शिकेतून गळून जातो. अशा परिस्थितीत सोमवार-बुधवारचे वेळापत्रक निरुपयोगी ठरते. म्हणून समुद्रावरील दिवस ‘ए’ आणि ‘बी’ अशा आळीपाळीने मोजले जातात, अर्धे विषय एका प्रकारच्या दिवशी तर उरलेले दुसऱ्या प्रकारच्या दिवशी शिकवले जातात, आणि जहाज बंदरात असेपर्यंत वर्ग पूर्ण बंद राहतात. रविवार नावाची वस्तू पहिल्याच आठवड्यात विस्मरणात जाते.

भारताच्या धक्क्यांवरून शिक्षणासाठी निघालेल्या जुन्या पिढ्यांचे पहिले दिवस यांहून निराळे होते, कारण त्यांच्या दृष्टीने जहाज हे विद्यापीठ नसून विद्यापीठाकडे नेणारे वाहन होते. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर मुंबईहून बोटीने निघून कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून ‘क्लाइड’ बोटीने निघालेल्या गांधीजींना बोट लागली नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे; त्यांना लागला तो संकोच. काटे-चमचे वापरता येत नाहीत, पदार्थ शाकाहारी आहेत की नाहीत हे इंग्रजीत विचारण्याचे धैर्य होत नाही, म्हणून बरोबर आणलेली मिठाई आणि फळे यांवर ते केबिनमध्येच दिवस काढत. त्या काळी ‘पी अँड ओ’ कंपनीच्या अशा बोटींवर भोजनगृहाचे काम गोव्याच्या खलाशांकडे आणि डेकवरचे काम पुष्कळदा रत्नागिरी व गुजरातच्या किनाऱ्यावरील खलाशांकडे असे. साहेबी वाटणाऱ्या त्या जगाचा गाडा ओढणारे हात असे आपल्याच किनाऱ्यावरचे होते, ही गोष्ट विलायतेच्या प्रवासवर्णनांत फारशी ठळकपणे येत नाही.

याच प्रवासात स्नानासाठी समुद्राचे पाणी मिळत असताना गांधीजी सुधारणेचे लक्षण म्हणून साबण वापरत राहिले आणि त्यांना गजकर्ण झाले. यामागील रसायन सोपे आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातील मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा चिकट साका तयार करतात, शिवाय भरपूर मिठामुळे साबण पाण्यात नीट विरघळतही नाही, आणि मळ निघण्याऐवजी त्वचेवर तेलकट थर बसतो. खोबरेल तेलापासून केलेला साबण खाऱ्या पाण्यातही बऱ्यापैकी फेस देतो, म्हणून खलाशी तो पसंत करत. आज जहाजावरच समुद्राचे पाणी गोडे केले जाते, त्यामुळे विद्यार्थ्याला या अडचणीचा पत्ताही लागत नाही.

पहिल्या आठवड्याच्या उत्तरार्धात वर्ग खऱ्या अर्थाने सुरू होतात. पर्यटकांसाठी बांधलेल्या जहाजात वर्ग म्हणून मिळतात त्या मुळातल्या नृत्यशाळा, बैठकीच्या खोल्या आणि भोजनगृहांचे कोपरे. डगमगत्या जमिनीवर उभे राहून शिकवण्याची सवय प्राध्यापकांनाही नव्यानेच लावून घ्यावी लागते. सर्व विद्यार्थ्यांना मिळून एक सामाईक विषय घ्यावा लागतो, ज्यात पुढच्या बंदराचा इतिहास, अर्थव्यवस्था आणि समाज यांची ओळख करून दिली जाते, आणि प्रत्येक विषयाला बंदरातील एक दिवसाचा क्षेत्राभ्यास, म्हणजे विषयाशी संबंधित स्थळी जाऊन केलेले काम, जोडलेला असतो. वर्गात निवृत्त झालेले काही प्रौढ प्रवासीही बसलेले असतात, जेवणाच्या टेबलावर प्राध्यापक शेजारी असतात, आणि एखाद्या तासाला दांडी मारून जाण्यासारखे ठिकाण कोठेही नसते.

या रचनेची खरी ताकद तेथे आहे आणि तिची दुबळी बाजू बंदरात दिसते. हे जहाज चेन्नईला किंवा कोचीला आले असताना मिळालेल्या पाच-सहा दिवसांत पुष्कळ विद्यार्थी विमानाने आग्रा आणि वाराणसी गाठत आले आहेत. म्हणजे ज्या किनाऱ्यावर ते उतरले तो किनारा, त्याची भाषा आणि त्याचा समुद्राशी असलेला दोन हजार वर्षांचा व्यापारी संबंध न पाहताच ते परत जहाजावर चढतात. पाच दिवसांत देश समजत नाही, हे उघड आहे; पण त्या पाच दिवसांपूर्वीचे आणि नंतरचे दिवस समुद्रावर वाचनात व चर्चेत गेले असतील तर निदान काय समजले नाही एवढे तरी कळू शकते, आणि विमानाने केलेल्या सहलीत ही सोय नसते. म्हणून अशा सत्राचा विचार करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी माहितीपत्रकातील देशांची यादी बाजूला ठेवून समुद्रावरचे दिवस किती आहेत आणि त्या दिवसांत कोण काय शिकवणार आहे याची आधी चौकशी करावी, आणि मिळणारे श्रेयांक आपले विद्यापीठ मान्य करणार की नाही, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.